पहाटे साडेपाचचा गुलाब

प्रश्न : आमच्या घरात चार मोबाइल आहेत. सासरे ७४ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. रोज पहाटे साडेपाचला उठून अकरा ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि खाली एक सुविचार पाठवतात. मुलगी बारावीला आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवते आणि दर दहा मिनिटांनी किती जणांनी पाहिलं ते मोजते. नवरा कुठेच काही लिहीत नाही, कुणाला लाइक करत नाही, पण रात्री साडेबारापर्यंत अंगठा वर सरकवत पडलेला असतो. मी स्वतः फेसबुक दोनदा काढून टाकलं आणि दोनदा परत घेतलं. तक्रार म्हणून विचारत नाही, खरंच कुतूहल आहे. यात माणसांना नेमकं मिळतं काय? मजा कसली येते?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : सासऱ्यांपासून सुरुवात करतो. घरात सगळ्यात जास्त टिंगल त्यांचीच होत असणार, आणि मला विचाराल तर चौघांत सर्वांत सरळ कारभार त्यांचाच आहे.

हा गुलाब एकट्या मिरजेत फुलत नाही. २०१८ च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एक गमतीदार बातमी छापली होती. भारतातले फोन इतक्या लवकर भरतात का, मधेच अडकतात का, याचा माग गूगलचे इंजिनियर काढत होते. शोधता शोधता हाती लागले ते ‘गुड मॉर्निंग’चे फोटो. उगवता सूर्य, दवबिंदू, वाफाळता चहा, आणि अर्थातच गुलाब. त्या बातमीनुसार भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांतल्या एकाच्या फोनमधली जागा रोज संपत होती. अमेरिकेत हेच प्रमाण दहांत एक होतं. मग गूगलने ‘फाइल्स गो’ या अ‍ॅपमध्ये असे फोटो हुडकून एकगठ्ठा झाडून टाकायची सोय केली. तुमच्या सासऱ्यांसारख्यांच्या गुलाबांसाठी कॅलिफोर्नियातल्या कंपनीला खास केरसुणी बनवावी लागली, हे त्यांना जरूर सांगा. खूश होतील.

आता त्या गुलाबात बातमी नाही, आणि सुविचारातही विचार बेताचाच. तरी तो रोज जातो. का जातो ते कळायला फोन बाजूला ठेवून जरा रस्त्यावर या. तुमच्या हातात पिशवी आहे, तुम्ही मंडईच्या दिशेने निघालात, हे शेजाऱ्याला लख्ख दिसतंय. तरी तो विचारतो, “काय, बाजारात का?” तुम्हीही “हो, जरा जाऊन येते” म्हणता. या बोलण्यातून कुणाला काही नवं कळलं नाही. पण त्याने विचारलंच नसतं तर? दोन दिवस तो मान खाली घालून गेला असता तर तिसऱ्या दिवशी घरात चर्चा झाली असती, की यांचं काही बिनसलंय का आपल्याशी.

ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की नावाचा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथल्या लोकांच्या गप्पा ऐकून त्याने १९२३ साली एक साधी गोष्ट लिहून ठेवली. माणसांच्या बोलण्याचा मोठा भाग माहिती देण्यासाठी नसतोच. हवापाणी, तब्येत, ‘कुठून आलात’, ‘कुठे निघालात’ हे सगळं नातं चालू आहे एवढंच कळवण्यासाठी असतं. हे समजायला आपल्याला ट्रोब्रियांडपर्यंत जायची गरज नव्हती म्हणा. कोल्हापूरचं ‘काय पाव्हणं’ किंवा कोकणातलं ‘जेवलंस?’ ऐकलं असतं तरी भागलं असतं. ‘जेवलंस?’ला ‘नाही’ असं उत्तर देऊन पाहा. विचारणारा क्षणभर गडबडतो.

निवृत्त माणसाचं नुकसान कशात होतं? पेन्शन मिळते, वैद्यकीय बिलंही कधी ना कधी मंजूर होतात. पण सकाळी ऑफिसच्या दारात होणारे पंधरा-वीस नमस्कार एका दिवसात बंद होतात. त्याचा फरक भत्ता कुठल्याच आयोगाने दिलेला नाही. साडेपाचचा गुलाब म्हणजे मस्टरवरची सही आहे. ‘आज मी हजर.’ उत्तरादाखल येणारे जोडलेले हात म्हणजे पलीकडची सही. माझ्या ओळखीचे एक काका एकटे राहतात. त्यांचा ‘सुप्रभात’ दोन दिवस आला नाही, तेव्हा ग्रुपमधले दोघे मित्र घरी जाऊन थडकले. काका तापाने फणफणलेले होते. तोवर त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने काकांच्या सुप्रभातला निदान एकदा तरी मनातल्या मनात शिव्या दिलेल्या होत्या.

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं आणखी मागे जातं. माकडं तासन्‌तास एकमेकांच्या अंगातले किडे, कोंडा वेचत बसतात. स्वच्छता होते, पण खरा हेतू मैत्री टिकवण्याचा. अडचण अशी, की एका वेळी एकाचंच अंग निवडता येतं. माणसांचे कळप मोठे होत गेले तेव्हा सगळ्यांना पुरे पडायला गप्पा जन्माला आल्या असाव्यात, असा त्याचा तर्क. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपाहारगृहांत, आगगाड्यांत लोकांची संभाषणं ऐकून नोंदवली. जवळपास दोन-तृतीयांश वेळ माणसं माणसांबद्दलच बोलत होती. कोण कुठे गेलं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हेच. तेव्हा सासरे पहाटे अकरा कळपांचं अंग एका बोटाने निवडतात, असं समजा. हे वाक्य मात्र त्यांना वाचून दाखवू नका.

मुलीच्या मोजण्याकडे येण्याआधी तुम्हाला रेडिओपाशी नेतो. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायची तेव्हा गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचली जायची. गाणं काय, एरवीही कधीतरी ऐकायला मिळालंच असतं. तरी लोक पोस्टकार्ड आणायचे, घरातल्या तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांची नावं त्यावर दाटीवाटीने लिहायचे आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायचे. मग एखाद्या दिवशी निवेदिकेने गावाचं नाव उच्चारलं की घरात जो आरडाओरडा व्हायचा त्यात गाण्याचं धृपदही वाहून जायचं. हिंदी गाण्यांच्या बाबतीत या हौसेची राजधानी होती झुमरी तलैया, आताच्या झारखंडमधलं, अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं गाव. रेडिओ सिलोनला आणि विविध भारतीला तिथून इतकी कार्डं जायची, की हे नाव निवेदकांनीच गमतीने रचलं असावं, असं कित्येक श्रोत्यांना वाटे. झुमरी तलैयाच्या लोकांना गाणी इतरांपेक्षा जास्त आवडत होती असं नाही. सगळ्या देशाला आपलं नाव ऐकू गेलं, याची ती मजा होती.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. माणसाला बघायला आवडतं, पण आपल्याला कुणीतरी बघितलं याची खूण मिळाली तर त्याहून जास्त आवडतं. मराठीत याला ‘दखल’ म्हणतात. शहाण्यासुरत्या माणसाचंही दखलीवाचून अडतं. आपल्याकडच्या चौकाचौकांत लागलेले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहा. वर नेत्याचा हसरा चेहरा, मधे ‘भाऊं’चा गॉगल घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून तीस पासपोर्ट फोटो. त्या तिसांपैकी प्रत्येक जण मित्राला घेऊन चौकात येतो आणि स्वतःचा फोटो बोटाने दाखवतो. ज्यांच्या वाट्याला चौक आला नाही त्यांच्यासाठी फेसबुक आहे.

स्वतःबद्दल सांगण्यात किती गोडी असते याचा हिशेबच हार्वर्डच्या डायना टामिर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये मांडला. प्रयोगात माणसांना छोटे प्रश्न दिले. काही स्वतःच्या आवडीनिवडीबद्दलचे, काही दुसऱ्याबद्दलचे. कुठला प्रश्न निवडला तर किती सेंट मिळतील तेही सांगितलं. स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून लोकांनी मिळू शकणाऱ्या पैशातला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास भाग चक्क सोडून दिला. आपल्याकडे लग्नात एखाद्या मामांना “तुमची बदली झाली तेव्हा काय झालं होतं?” असं विचारून पाहा. जेवणाची पंगत उठेल, मामा उठणार नाहीत.

तुमच्या मुलीचं स्टेटस याच जातीचं. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय २०१७ च्या फेब्रुवारीत आणली. चोवीस तासांत चित्र नाहीसं होतं आणि कुणी पाहिलं त्यांची नावं खाली दिसतात. यातली खरी मेख त्या यादीत आहे. मुलगी आकडा मोजते असं तुम्हाला वाटतंय. बहुधा ती एक नाव शोधत असते. ते नाव आलं, की उरलेल्या ऐंशी जणांनी पाहिलं काय आणि न पाहिलं काय. ते कुणाचं, हे विचारायच्या भानगडीत पडू नका.

आणि हसण्याआधी आपलं ऑर्कुट आठवा. बारावीतल्या मुलीची आई म्हणजे तुम्ही त्या पिढीच्या असणार. २००४ च्या जानेवारीत ऑर्कुट ब्युयुककोक्तेन या गूगलमधल्या तुर्की इंजिनियरने ते काढलं, त्याला स्वतःचंच नाव दिलं, आणि पुढे ते सगळ्यात जास्त रुजलं ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. मित्राकडून ‘टेस्टिमोनियल’ लिहून घ्यायचं आणि आपली स्तुती आपणच मंजूर करायची, अशी तिथली रीत. आपलं पान कोण कोण पाहून गेलं तेही दिसायचं. सायबर कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये मोजून आपण काय पाहत होतो? तीच यादी. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. यादी बघायची सवय मात्र पुढच्या पिढीला वारशात गेली.

रेडिओत आणि फोनमध्ये एक फरक आहे, आणि तो लहान नाही. रेडिओ तुमचं नाव एकदा वाचून गप्प बसायचा. फोन गप्प बसत नाही. कृष्णेच्या काठी गळ टाकून बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. दर पाच मिनिटांनी हमखास एक मासा लागत असता तर चार मासे झाल्यावर तो माणूस पिशवी उचलून घरी गेला असता. कधी लागतो, कधी लागत नाही, कधी नुसती दोरी हलते, म्हणून तो संध्याकाळपर्यंत हलत नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हेच कबुतरांवर दाखवलं. कळ टोचल्यावर दाणा अनियमित मिळायला लागला, की कबुतर टोचतच राहतं. फेसबुकने ९ फेब्रुवारी २००९ ला ‘लाइक’चा अंगठा आणला तेव्हा दाण्याची सोय झाली. तो अंगठा घडवणाऱ्यांपैकी एक जण, जस्टिन रोझेनस्टाइन, यानेच पुढे स्वतःच्या फोनवर अ‍ॅप घ्यायला अडसर घालून घेतला. हलवायाने स्वतःच्या दुकानातली जिलेबी खाणं सोडावं, तसं.

सासऱ्यांकडे एकदा परत यावं लागतंय. गुलाबापाठोपाठ ते काही फॉरवर्डही करत असतील. ‘सावधान’, ‘सर्वांना कळवा’, ‘डॉक्टर मित्राने सांगितलं’ या चालीचे. यातली गोडी वेगळी आहे. बातमी आपण पहिली दिली! गावात कुणाकडे पाहुणे आले ही खबर सर्वांआधी ज्याच्याकडे असते, त्याला पारावर जरा सरकून जागा मिळते. ही गोडी निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधी फोनाफोनांतून फिरत होती. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण कुणाचं तरी मूल वाचवतोय असंच वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि पाठवलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी लागू लागली. सासऱ्यांचा गुलाब अकरा ग्रुपवर जाण्यासाठी त्यांना तीनदा खटपट करावी लागत असेल, तर तिचं कारण हे आहे.

आता यजमान. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यांच्यासारखे आपण सगळेच आहोत. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं पोचवणाऱ्यांनी दोन आठवड्यांहून जास्त संप केला. बर्नार्ड बेरेलसन या संशोधकाने तेव्हा लोकांना विचारलं, पेपर नाही तर काय चुकल्यासारखं वाटतं? जगातल्या घडामोडी कळत नाहीत, असं जवळजवळ सगळे म्हणाले. पण कुठली घडामोड, असं विचारल्यावर बहुतेकांना नेमकं काही सांगता येईना. चुकत होतं ते वाचणं, सकाळच्या चहाबरोबर हातात काहीतरी धरणं. रेडिओवरच्या दुपारच्या रडक्या मालिका बायका का ऐकतात, असं त्याच दशकात हेर्टा हेर्झोग हिने न्यूयॉर्कच्या गृहिणींनाच जाऊन विचारलं होतं. कुणी म्हणालं, मनसोक्त रडायला मिळतं. कुणी म्हणालं, संसारात कसं वागावं ते कळतं. तोवर विद्वान मंडळी रेडिओ माणसांचं काय करतो एवढंच विचारत होती. माणसं रेडिओचं काय करतात हा प्रश्न तिने केला. तुमचा प्रश्न तिच्याच घराण्यातला आहे.

यजमानांचं ते अंगठा सरकवणं म्हणजे गिरगावातल्या चाळीची गॅलरी आहे. कठड्यावर कोपर टेकून उभं राहायचं. खाली कुणाची तरी वरात, समोर भांडण, पलीकडे कुणी लोणच्याची बरणी उन्हात ठेवतंय. आपण कशातच नाही आणि सगळ्यात आहोत. दिवसभर कुणाला ना कुणाला उत्तर देऊन दमलेल्या माणसाला ज्याचं उत्तर द्यावं लागत नाही अशी सोबत हवी असते. फक्त चाळीचा रस्ता रात्री दहाला निजायचा. फोनचा रस्ता निजत नाही, कारण पानाचा शेवटच काढून टाकलाय. एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने २००६ मध्ये ही न संपणारी सरकपट्टी रचली. नंतर त्याने त्याबद्दल खेदही व्यक्त केला. ‘एवढं पान संपलं की झोपतो’ असं पूर्वी म्हणता यायचं. आता म्हणणार कसं?

राहिलात तुम्ही. दोनदा काढलं, दोनदा घेतलं, याची लाज वाटून घेऊ नका. हे कोडं अर्थशास्त्रज्ञांनाही पडलेलं आहे. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या काही जणांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सुमारे तासभर मोकळा झाला. लोक घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर थोडे जास्त बसले. टीव्हीही जास्त पाहिला, हेही सांगायला हवं. बातम्या कमी कळल्या, राजकारणावरून डोकं तापणं कमी झालं, आणि मन किंचित बरं झालं. किंचितच. महिना संपल्यावर बरेच जण परतले, पण वापर आधीपेक्षा कमी होता.

त्याहून मजेदार प्रयोग शिकागो विद्यापीठातल्या लिओनार्डो बर्स्टिन आणि मंडळींचा. त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, महिनाभर टिकटॉक बंद ठेवायचे किती घेशील? सरासरी ५९ डॉलर मागितले गेले. मग विचारलं, तुझ्यासकट कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद झालं तर? आता मुलं पैसे मागेनात, उलट पदरचे सरासरी २८ डॉलर द्यायला तयार झाली. म्हणजे ती गोष्ट त्यांना नकोच होती. पण बाकीचे तिथे असताना आपण एकटंच बाहेर राहणं त्याहून नको होतं.

आपल्याला हे नवीन नाही. लग्नातला आहेर आठवा. देणाऱ्याला नको, घेणाऱ्याला नको; तीच चादर चार लग्नं फिरून आपल्याकडे परत येते. तरी पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असताना आपण पाकीट खिशात घालूनच जातो. न जाणो, बाकीच्यांनी आणलं असेल तर.

पण तुम्ही परत गेलात त्याला आणखी एक कारण असू शकतं, आणि ते मला चांगलं कारण वाटतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ च्या एका लेखात दाखवलं, की नोकरी मिळायला आपले जिगरी दोस्त फारसे कामी येत नाहीत. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या माणसांशी तो बोलला, त्यांच्यातल्या जेमतेम सहांतल्या एकाने ती वरचेवर भेटणाऱ्याकडून मिळवली होती. बाकीच्यांना ती कधीमधी भेटणाऱ्या, जवळजवळ विसरलेल्या माणसांकडून मिळाली. जिवलगांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. लांबच्याला वेगळं काही माहीत असतं. अशी लांबची माणसं पूर्वी एखाद्या लग्नात नाहीतर कुणाच्या तेराव्याला भेटायची. शाळेतल्या बाकावर शेजारी बसणारी आणि आता नॉर्वेत असलेली मैत्रीण, माहेरच्या गल्लीतला औषधाच्या दुकानातला मुलगा, जुन्या नोकरीतली टायपिस्ट. यांना फोन करायला निमित्त लागतं. फेसबुकवर त्यांच्या आंब्याच्या फोटोखाली ‘मस्त’ एवढं लिहिलं तरी पाच वर्षांची उधारी फिटते.

तुमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेला पूर आला तेव्हा कुठल्या रस्त्यावर पाणी चढलंय, नाव कुठे लागतेय, कुणाच्या गच्चीवर म्हातारी माणसं अडकलीत, हे निरोप कोणत्या ग्रुपवरून फिरत होते? ज्यांच्यावर एरवी गुलाब येतात त्याच. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे मिळेल हे सख्ख्या भावाला माहीत नव्हतं, पण दहावीच्या ग्रुपवरच्या, वीस वर्षांत न भेटलेल्या कुणाला तरी माहीत होतं, असं सांगणारे मला निदान चार जण भेटले आहेत.

तेव्हा तिसऱ्यांदा काढून टाकायचं असेल तर अवश्य काढा. पण आधी ज्या सात-आठ जणांसाठी परत गेला होतात त्यांचे नंबर वहीत लिहून घ्या.

प्रश्न : निळ्या खुणा दिसतात, म्हणजे समोरच्याने वाचलं. तरी उत्तर येत नाही. त्याचा इतका त्रास का होतो? पत्राचं उत्तर तर आम्ही पंधरा दिवस थांबून घ्यायचो.
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : कारण पोस्टमन तुम्हाला येऊन सांगत नव्हता की त्यांनी पत्र उघडलं, वाचलं आणि टेबलावर ठेवून चहा प्यायला गेले. उशिराचा दोष टपालखात्यावर ढकलता यायचा. नाती टिकायला असं एखादं खातं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये निळ्या खुणा आणल्या, आणि ओरड इतकी झाली की काही दिवसांतच त्या बंद करायची सोय द्यावी लागली. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मग तुम्हालाही इतरांच्या दिसणार नाहीत. ग्रुपवर मात्र ही सवलत चालत नाही, तिथे कळतंच.

प्रश्न : आमच्या बॅचच्या ग्रुपवर ८० जण आहेत. बोलतात सहा. बाकीचे ७४ तिथे करतात काय?
(एक वाचक, वाशीम)

उत्तर : वाचतात. जेकब निल्सन या अभ्यासकाने २००६ मध्येच ढोबळ हिशेब सांगितला होता, की अशा मेळ्यात शंभरातले नव्वद नुसते पाहतात, नऊ कधीमधी बोलतात आणि एक जण सतत बोलतो. त्या मानाने तुमचा ग्रुप बडबडा आहे.

आमच्या ग्रुपवर असा एक जण आहे. सात वर्षांत त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. मध्यंतरी एका स्टेशनवर अचानक भेटला. मी म्हटलं, “अरे, ग्रुपवर असतोस तरी का?” तर म्हणाला, “तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंस ते बरं केलंस. आणि जोशाच्या मुलीचं जर्मनीचं झालं का रे? त्याने परवापासून काही टाकलं नाही.” माझी गाडी आली, म्हणून सुटलो. घरी येऊन ग्रुप उघडला आणि वर जाऊन पाहिलं. जोशाने खरंच तीन दिवस काही टाकलं नव्हतं. आम्हा बोलणाऱ्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.